सलंगाखाली दोन हात

पूर्व विदर्भात तलाव एकटा नसतो. जंगलाच्या पायथ्याशी एक तलाव, तो भरून वाहिला की खालच्या बोडीत, म्हणजे लहान तलावात पाणी, बोडीतून धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, बांध्यांतून नाल्यात, आणि त्याच नाल्यावर पुढच्या गावाचा तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी जमिनीचा उतार नुसत्या नजरेने जोखून ते बांधले. एका तलावापासून दुसऱ्या तलावाचं अंतर बहुतेक ठिकाणी दोन ते पाच किलोमीटर. पायी निघालं तर पूर्ण सकाळ एकाच पाळीवर संपते. मोटरसायकलचा आवाज पाळीवर चढायच्या आधीच बदकांना उठवतो, आणि चारचाकी डांबरी रस्त्यावरच अडते. हे अंतर सायकलचं आहे. सकाळी तीन तासांत तीन तलाव आणि मधल्या बांध्या नीट बघून होतात. पाणी ज्या वाटेने उतरतं त्याच वाटेने उतरत गेलं, तर कोणता पक्षी कुठे आणि का बसलाय हे हळूहळू कळायला लागतं.

तीन शब्द आधी ओळखीचे करून घ्यावेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. तुडुम म्हणजे पाळीतून शेताकडे पाणी सोडायची जागा. सलंग म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी जिथून वाहून जातं ती कड. हे तलाव गावच्या मालगुजाराकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकाकडे असत. १९५० सालच्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि ‘माजी मालगुजारी’ची आद्याक्षरं घेऊन सगळे त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले. नाव गमतीचं वाटतं, पण गावाचं धान, मासे, शिंगाडे, गुरांचं पाणी सगळं या मामाच्याच घरचं.

पक्षी बघायला जाणारा माणूस तारीख बघून निघतो. पक्षी तारीख बघत नाहीत, पाण्याची उंची बघतात. म्हणून वहीत पक्ष्यांच्या नावाआधी एक ओळ लिहायची सवय लावावी: पाणी सलंगाच्या किती खाली आहे. मोजपट्टी लागत नाही. सलंगाच्या कडेवर उभं राहून हात आणि वीत या मापात अंदाज लिहिला तरी पुरतो, फक्त दर वेळी जागा तीच हवी. दोन हंगाम ही ओळ लिहिली, की त्या तलावावर कोणते पक्षी कधी उतरतील हे बऱ्यापैकी आधी सांगता येतं.

ऑक्टोबरात सलंग नुकताच वाहायचा थांबलेला असतो. तलाव काठोकाठ भरलेला, दिसायला देखणा, आणि पक्षी जवळजवळ नाहीत. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा. त्या उत्साहात पहिल्यांदा तलावावर आलेले लोक ‘इथे काही नाही’ म्हणून परत जातात. चूक तलावाची नसते. काठावरचा उतार अजून छातीभर पाण्याखाली आहे, त्यामुळे चिखलात चोच खुपसणाऱ्यांना उभं राहायला जागा नाही, आणि डोकं खाली शेपटी वर करून चरणाऱ्या बदकांची मान तळापर्यंत पोचत नाही. या दिवसांत नजर मोकळ्या पाण्यावर फिरवण्यापेक्षा कमळाच्या आणि शिंगाड्याच्या पानांवर ठेवावी. कमळपक्षी, अडई आणि काणूक तिथे सापडतात. काणूक कबुतराहून फार मोठं नसतं, पांढुरक्या कमळकळ्यांत पटकन हरवतं.

मग उभ्या धानाला शेवटचं पाणी सुटतं, पुढे उन्हाळी धानासाठी तुडुम उघडतं, आणि पातळी उतरू लागते. डिसेंबर सरता सरता पाणी सलंगाखाली दोन हात गेलं, की माझ्या मते तो त्या तलावाचा सर्वांत चांगला काळ. एकाच काठावर सगळ्या खोलीचं पाणी मिळतं. ओल्या चिखलावर तुतारी आणि धोबी. घोट्याएवढ्या पाण्यात शेकाट्या, त्याचे लालगुलाबी पाय जेमतेम बुडालेले. गुडघ्याच्या आत थापट्या, चक्रांग, तलवार बदक आणि धनवर, म्हणजे पाण्यावर तरंगत चरणारी मंडळी. त्याच्या पुढे, माणूस बुडेल एवढ्या पाण्यात लालसरी आणि वारकरी, हे बुडी मारणारे. डावीकडून उजवीकडे बघण्यापेक्षा काठाकडून मध्याकडे असं पट्ट्या-पट्ट्याने बघितलं, तर नवशिक्यालाही अर्धी ओळख खोलीवरूनच पटते. ज्या बदकाने डोकं पाण्यात घालून शेपटी आभाळाकडे केली ते बहुधा लालसरी नाही. जानेवारीच्या मध्याला होणारी आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चालू आहे. इकडच्या तलावांची दोन हातांची पातळी बऱ्याचदा त्याच सुमारास जुळते. मार्चात पाणी चार-पाच हात खाली जातं, पाहुणी बदकं उत्तरेकडे निघून जातात आणि काठ चिखल्या नावाच्या छोट्या पक्ष्यांचा होतो.

आता वाट ठरवायची. झाडीपट्टीत, म्हणजे याच पूर्व विदर्भात, डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, तोही पूर्वेच्या दक्षिणेला, आणि दिवसभर दक्षिणेकडूनच फिरतो. सूर्य पाठीशी हवा असेल तर पहिला तलाव असा निवडावा, ज्याची पाळ किंवा गाडरस्ता आग्नेय बाजूला आहे. साडेआठनंतर दक्षिण काठ चांगला. उत्तर काठावरून हिवाळ्यात पाण्याकडे पाहिलं की चकाकी समोर आणि प्रत्येक बदक काळं. तलावांचा क्रम वरून खाली ठेवावा. सकाळी अंग थंड असतं, पाय हळू चालतात, आणि उताराला ते चालून जातं. परतीचा चढ फार नसतो, पण दहा वाजताचं वारं समोरून आलं तर तोच चढ दुप्पट वाटतो, म्हणून पाणी दोन लिटर ठेवावं आणि एक लिटर परतीसाठी राखावं.

सायकल कोणती, तर गावात असते ती. २८ इंची चाकांची काळी सायकल, मागे कॅरिअर, जाड टायर. गिअरची सायकल वाईट नाही, पण बारीक टायरचं चाक बैलबंडीच्या चाकोरीत फसतं आणि तिची दुरुस्ती पुढच्या गावच्या दुकानात होत नाही. सायकल निवडण्यापेक्षा तिला गप्प करणं जास्त महत्त्वाचं. चेनकव्हर खडखडत असेल तर जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापून कव्हर आणि फ्रेमच्या मध्ये घट्ट गुंडाळावी. घंटीच्या झाकणाखाली कापडाचा तुकडा कोंबावा, गावात शिरताना काढावा. ब्रेकचे रबर धुळीने गुळगुळीत झाले की चिरकतात. रिम ओल्या फडक्याने पुसून रबरावर काचकागद दोनदा फिरवला की आवाज जातो. चेनला ग्रीस लावू नये, त्यात पाळीवरची धूळ चिकटून दळण होतं. पातळ तेलाचे थेंब कडीकडीवर सोडून वरचं पुसून टाकावं. राहिला फ्रीव्हील. पायडल मारणं थांबवलं की तो टकटकटक करतो, आणि शांत सकाळी ती टकटक पाळीपलीकडे जाते. त्यावर उपाय एकच: पाण्याजवळ आल्यावर पाय थांबवायचे नाहीत, अगदी हलके फिरवत राहायचे.

पंक्चर होणार हे धरूनच निघावं. पाळीवर बाभूळ असते, आणि तिचा वाळलेला काटा टायरमध्ये शिरून आतच मोडतो. चाक काढायची गरज नसते. सायकल उलटी करून टायरची एक बाजू रिमच्या बाहेर ओढायची, ट्यूब तेवढीच बाहेर घ्यायची, हवा भरून तलावाच्या पाण्यात बुडवायची, बुडबुडे दिसले की तिथे खूण. काचकागदाने खरवडून सोल्युशनचा पातळ थर द्यायचा आणि चार-पाच मिनिटं थांबायचं. घाई इथेच होते. ओल्या सोल्युशनवर पॅच ठेवला की तो अर्ध्या किलोमीटरवर सरकतो. बोट लावल्यावर चिकटत नाही इतकं सुकलं की मगच ठेवून दाबायचा. ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून सुती कापडाचा बोळा फिरवायचा. जिथे अडकेल तिथे काट्याचं टोक आहे. उघडं बोट फिरवलं तर ते टोक बोटात जातं, आणि न फिरवता ट्यूब घातली तर दुसरं पंक्चर तिथेच. शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर तो काटा नव्हे; हवा कमी असल्यामुळे दगडावर ट्यूब रिमखाली चिमटली आहे. भोक कुठेच नसेल आणि तरी हवा जात असेल तर व्हॉल्व्हवर थुंकी लावून बघावी. फेस आला तर आतली वालट्यूब कुजली आहे. तिचा बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा तुकडा खिशात असला की काम दोन मिनिटांचं.

सायकलवरच्या माणसाला तलावाचे पक्षी ओळखतात. तो रोज जातो: दूध घेऊन, कुदळ घेऊन, शाळेचं दप्तर घेऊन. तो जाताना बगळाही मान वळवत नाही. बिथरतात ते सायकल थांबल्यावर. चालती वस्तू अचानक थांबून त्यांच्याकडे तोंड करते, ही शिकाऱ्याची हालचाल आहे. म्हणून पक्षी दिसले त्या जागी थांबायचं नाही. त्याच वेगाने पुढे निघून जायचं, पन्नास-साठ पावलांवर मोहाचं किंवा बाभळीचं खोड गाठायचं, खोडाआड उतरायचं, सायकल स्टँडवर न चढवता खोडाला टेकवायची, कारण स्टँडची खट्ट पाण्यावर फार दूर जाते. मग पाळीच्या पलीकडच्या उतारावरून वाकून मागे यायचं आणि फक्त डोकं वर काढायचं. बदकांचा थवा एकदम माना ताठ करून एका दिशेला बघायला लागला, की आपण दहा पावलं जास्त आलो. तिथून मागे सरकलं तर ते पुन्हा चरायला लागतात. अजून दोन पावलं पुढे गेलं तर सगळा तलाव उठतो, आणि त्या बदकांनी दिवसभर खाऊन जमवलेली शक्ती आपण एका फोटोसाठी खर्च करून टाकतो. मार्चात तर हे मुळीच करू नये, त्यांच्यापुढे हजारो किलोमीटरचा प्रवास असतो.

दुर्बीण ८×४२ पुरते. १०×५० मध्ये चित्र मोठं दिसतं, पण सायकल चालवून आलेल्या माणसाचा श्वास आणि हात दोन्ही हलत असतात, आणि दहापट मोठं चित्र तेवढंच जास्त हलतं. उतरल्यावर दोन मिनिटं थांबून, कोपर सीटवर टेकवून बघितलं तर आठपटीत लांबच्या लालसरीचा तांबूस माथा स्पष्ट दिसतो. दुर्बीण कॅरिअरवर किंवा हँडलच्या पिशवीत ठेवली की गाडरस्त्याच्या धक्क्यांनी आतल्या भिंगांची जुळणी सरकते, मग एकाच्या दोन प्रतिमा दिसतात आणि डोकं दुखतं. ती आखूड पट्ट्याने छातीवर, वरून दुपट्टा. पाळीवरची धूळ भिंगावर बसली तर आधी फुंकायचं, मगच पुसायचं. उलट केलं तर ती धूळच भिंग घासते.

मोजताना दोन फसगती नेहमीच्या. पहिली, मासेमारी करणाऱ्या ढिवर भावांच्या जाळ्यांचे तरंगते डबे आणि बाटल्या. धुक्यात त्या हुबेहूब वारकऱ्यासारख्या दिसतात. वारकरी मान पुढे-मागे करत पोहतो, बाटली नुसती वरखाली होते. दुसरी, बुडी मारणारे पक्षी. कोणत्याही क्षणी काही लालसऱ्या आणि टिबुकल्या पाण्याखाली असतात, म्हणून तोच थवा दोनदा मोजावा, आणि जो आकडा मोठा तो ‘किमान’ म्हणून लिहावा. मोठ्या थव्यात आधी दहा नीट मोजायचे, ते डोळ्यांत बसवायचे, मग तसे दहा-दहाचे ठोकळे मोजत जायचं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करायची असेल तर प्रत्येक तलावाची यादी वेगळी करावी, मधल्या रस्त्याची वेगळी. पूर्ण सकाळची पंधरा किलोमीटरची एकच यादी केली तर कोणता पक्षी कोणत्या पाण्यावर होता हे कायमचं हरवतं. आणि तलाव रिकामा दिसला तर जाळ्यावरच्या माणसाला विचारावं, “भाऊ, आज जाळं कोणत्या बाजूनं होतं?” ज्या दिवशी जाळं ओढतात त्या दिवशी पक्षी खालच्या तलावावर असतात, आणि आपली वाटही तिकडेच जाते.

दोन तलावांच्या मधल्या बांध्यांत सायकल हातात धरून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून चालावं, कारण तिथे उघड्या चोचीचा करकोचा असतो. त्याच्या दोन चोचींच्या मध्ये फट का असते हे समजून घ्यायचं तर आधी धुऱ्यावर पडलेले घोंगे, म्हणजे पाणगोगलगायींचे शंख उचलून बघावेत. रिकामे, पण बहुतेक अखंड. एखाद्याच्या कडेचा थोडा टवका उडालेला, बाकी कवच जसंच्या तसं. हा पक्षी कवच फोडत नाही. घोंगा पाण्यात किंवा चिखलात दाबून धरतो, खालच्या चोचीचं टोक झाकणाच्या फटीतून आत सरकवतो, ज्या स्नायूने जीव कवचाला धरून असतो तो तोडतो, आणि अख्खा गोळा बाहेर ओढतो. डोकं पाण्यात असल्याने हे काम दिसत नाही, मान फक्त थरथरताना दिसते, आणि मग चोच वर येते तेव्हा गिळणं तेवढं दिसतं. घोंगा जिथे भरपूर तिथे धानाच्या रोपालाही त्रास, त्यामुळे हा करकोचा शेतकऱ्याच्या कामाचा.

सारसाबद्दल थोडं सावध लिहायला हवं. महाराष्ट्रात तो आता गोंदियात आणि थोडा भंडाऱ्यात उरला आहे, तोही मोजकाच. माणसाएवढा उंच, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच. जोडी एकत्र ओरडते तेव्हा नराच्या एका हाकेमागे मादीच्या दोन आखूड हाका येतात. लांबून नर-मादी ओळखायची हीच खात्रीची खूण, उंचीचा अंदाज फसतो. पावसाळ्यात धानाच्या बांधीतच पाण्यावर गवताचा ढीग रचून तो बहुधा दोन अंडी घालतो आणि महिनाभर उबवतो. त्या महिन्यात त्या शिवारात सायकल नेऊच नये. घरटं कुठल्या गावात, कोणाच्या शेतात हे कुणालाही सांगू नये, यादीतही लिहू नये. डिसेंबरात पिल्लू आईबापांबरोबर कापणी झालेल्या बांध्यांत दाणे टिपताना रस्त्यावरूनच दिसतं, तेवढं पुरे. त्याला विजेच्या तारांचा धोका मोठा आहे, म्हणून सारस असलेल्या शिवारात तार खाली झोळलेली दिसली तर ती नोंद पक्ष्याच्या नोंदीइतकीच मोलाची.

वाघाची गोष्ट टाळता येत नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यात तो तलावाच्या पाळीवरून ये-जा करतो, आणि खाली वाकलेला, न बोलणारा, एकटा माणूस त्याला माणसासारखा दिसत नाही. तिथे पुरतं उजाडल्याशिवाय निघू नये, दोघांनी जावं, गावात आधी विचारावं, आणि गावकऱ्यांनी ‘आज नका जाऊ’ म्हटलं तर घरी बसावं. मार्च-एप्रिलात मोहफुलं पडतात तेव्हा मोहाची पाळ पहाटे अस्वलाची असते. नवेगावबांधसारख्या तलावाला लागून राखीव जंगल आहे. तिथे सायकल कुठपर्यंत चालते हे वनरक्षकाला विचारूनच पुढे जावं.

मनाला लागतं ते खोलीकरण. गाळ काढणं चांगलंच, तो गाळ शेतात सोनं आहे. पण यंत्र काठापासूनच खणायला लागतं, आणि जिथे पंचवीस-तीस मीटरचा सावकाश उतार होता तिथे सरळ भिंत उभी राहते. तलावात पाणी वाढतं, आणि तुतारी, शेकाट्या, थापट्या जातात, कारण त्यांची घोट्याएवढी आणि गुडघ्याएवढी पट्टीच नाहीशी होते. मासेही त्याच उथळ पट्टीत अंडी घालतात, म्हणून ढिवरांचंही नुकसान. मधला भाग खणून एक काठ उताराचा राखला तर दोन्ही साधतं. दुसरा शत्रू बेशरम, हे काठावर माजणारं झुडूप. तिची फांदी तोडून काठावर टाकली तर तीच पुन्हा रुजते; मुळासकट उपटून, पाण्यापासून लांब वाळवून जाळावी लागते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजातल्या बायांनी हे काम केलं, आणि बेशरम काढून झाल्यावर तळात पाणवनस्पती हाताने लावल्या. त्या वनस्पतींमुळे आधी मासे आले, मग पक्षी.

मे महिन्यात कोणी तलावावर जात नाही, आणि नकाशा काढायला तोच महिना बरा. तळ उघडा असतो, भेगाळलेला. सलंगाच्या कडेवरून तळाकडे बघितलं की उथळ पट्टी कुठे, खड्डा कुठे, पुढच्या जानेवारीत थापटे कोणत्या कोपऱ्यात असतील हे सगळं समोर मांडलेलं दिसतं. कागदावर पाळ, तुडुम, सलंग काढून पावलांनी अंतरं लिहावीत. फक्त तळात सायकल चालवू नये, हातात धरून न्यावी आणि प्रत्येक पावलाआधी खाली बघावं. टिटवी याच कोरड्या तळात, ढेकळांच्या रंगाची, काळे ठिपके असलेली चार अंडी उघड्यावर घालते, टोकं आत करून. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर अंडी जवळच आहेत. पुढचं पाऊल टाकू नये, आलेल्या पावलांच्या खुणांवरच पाय ठेवत मागे यावं.